भद्रेसाहेबांचा आवाज

सोमवारी भद्रेसाहेबांचा आवाज यायला अकरा वाजायचे.

आम्ही नांदेडला जमीन मोजणीच्या ऑफिसात होतो. ते भूकरमापक, म्हणजे गावोगाव जाऊन शेतं मोजणारे. मी नकाशा शाखेत अनुरेखक, त्यांनी मोजून आणलेलं कागदावर उतरवणारी. सोमवारी ते लातूरहून पहिल्या एसटीनं यायचे, पिशवी कपाटावर ठेवायचे, माझ्या टेबलासमोर येऊन बोलायला लागायचे. ओठ हलायचे, एकेक अक्षर सुटं, स्पष्ट. आवाज नाही. मी म्हणायचे, "साहेब, आवाज." मग ते थबकायचे, घसा खाकरायचे आणि तेच वाक्य आवाजासकट परत यायचं, "जयभीम ताई, हदगावची फाईल झाली का?"

नव्या लोकांना वाटायचं, साहेबांचा घसा बसलाय. जुन्यांना ठाऊक होतं. त्यांच्या पत्नीला ऐकू येत नव्हतं. त्या लातूरला असायच्या, हे नांदेडला. शनिवार संध्याकाळपासून सोमवार पहाटेपर्यंत ते घरात नुसत्या ओठांनी बोलायचे आणि ती सवय चाकूर, अहमदपूर, लोहा मागे टाकलं तरी अंगातून उतरायची नाही.

उंच माणूस, खांद्यातून थोडा वाकलेला. दिवसभर उन्हात उभं राहण्याची नोकरी, त्यामुळं कुठंही पोचले की पहिल्यांदा बसायला जागा शोधायचे. लग्नात, मयतीत, तहसीलच्या व्हरांड्यात. "आधी बसू," हे त्यांचं बोलणं. एकदा वरिष्ठ अधिकारी त्यांच्यावर उभ्यानंच तोंड टाकून होते, एका तक्रारीवरून. भद्रेसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आधी बसू, साहेब." खुर्ची पुढं केली. अधिकारी बसले. बसल्यावर त्यांना पुढचं आठवेना. त्या दिवशी ऑफिसात हसू आलं, पण भद्रेसाहेबांना त्यात गंमत वाटली नव्हती. ते खरंच दमलेले होते.

मी त्यांच्यासोबत मोजणीला एकदाच गेले, हदगावच्या बाजूला. सोयाबीन निघालेलं रान, दोन सख्खे भाऊ, मधल्या बांधावरून वाद. आम्ही पोचलो तेव्हा दोघांचीही भाषा आईबहिणीवर आली होती. भद्रेसाहेब बांधावर उभे राहिले आणि बोलायला लागले. ओठ हलून राहिले, आवाज काही नाही. भाऊ गप्प झाले.

"काय म्हणून राहिले साहेब?" थोरल्यानं धाकट्याला विचारलं. वर्षभरात तो त्याच्याशी शिवीगाळ सोडून पहिल्यांदा बोलला असेल.

"ऐकू येईना गा," धाकटा म्हणाला.

दोघं जवळ आले, एकमेकांच्या खांद्याला खांदा लागेपर्यंत. तोवर साहेबांचा आवाज आला होता. मोजणी झाली, खुणा रोवल्या, दोघांनी सह्या केल्या. परत येताना जीपमध्ये मी विचारलं, "मुद्दाम केलं का साहेब ते?"

"न्हाई ताई," ते म्हणाले, "सोमवार हाय."

प्रमिलाबाई, त्यांच्या पत्नी, लातूरला मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायच्या. चाळिशी ओलांडल्यावर त्यांचं ऐकणं कमी होत गेलं. नस सुकत चाललीय, असं डॉक्टरांनी सांगितलं. यंत्र लावलं तर त्यातून नुसती घरघर यायची. तरी त्यांनी दोन वर्षं वर्ग घेतले, मुलींचे ओठ वाचून. मागच्या बाकावरच्या काही मुली उत्तर देताना तोंडासमोर वही धरायच्या. काही खोडी म्हणून, काही लाजून. कोणती खोडकर आणि कोणती लाजरी हे प्रमिलाबाईंना कळेना, तेव्हा त्यांनी राजीनामा दिला. मूलबाळ नव्हतं. त्यांनी नांदेडला यावं असं सगळ्यांनी सांगून पाहिलं. मी पण सांगितलं. त्या म्हणाल्या, "लातूरला मी बहिरी झालेली बाई आहे. नांदेडला मी नुसती बहिरी असेन." त्यांचं घर तिथं होतं, त्यांच्याच पगारातून बांधलेलं. गल्लीतला भाजीवाला त्यांच्याशी तोंड समोर करून बोलायचा. हे सगळं जमवायला त्यांना वर्षं लागली होती.

म्हणून भद्रेसाहेब जात राहिले. दर शनिवारी, साडेतीन-चार तास. बदलीचा अर्ज दर उन्हाळ्यात द्यायचे. तो टाईप मीच करायचे. नंतर नंतर आम्ही फक्त वरची तारीख बदलायचो.

सिनेमाचं वेड दोघांनाही जुनं. लग्नानंतरची पहिली वर्षं त्यांनी लातूरच्या टॉकीजमध्येच काढली, असं ते सांगायचे. पण ऐकू येईनासं झाल्यावर प्रमिलाबाईंनी टीव्हीवर चादर टाकली. "माणसं मासोळ्यांसारखी तोंड उघडतात," म्हणायच्या. मग त्यांच्या बहिणीच्या मुलीनं अमेरिकेहून एक डीव्हीडी पाठवली. तिकडच्या डीव्हीडीवर बहिऱ्या लोकांसाठी वेगळी अक्षरं खाली येतात. त्यात नुसतं बोलणं नसतं, आवाजही लिहिलेला असतो. दार करकरलं. लांब कुत्रं भुंकलं. बाईनं हुंदका दाबला. आपल्या दुकानात मिळणाऱ्या डीव्हीडीवर तेव्हा असलं काही नसायचं. फार तर संवाद, तेही नशिबानं.

"पिच्चर संपला," भद्रेसाहेबांनी मला सांगितलं, "आन् बाई म्हणती कशी, किती वाजतं हो सगळं जगात. मी विसरूनच गेले होते."

हे सांगताना ते खिडकीबाहेर बघत होते. आवाज होता, पण बारीक.

त्यानंतर भाचीची पार्सलं येत राहिली. प्रमिलाबाईंचा धाकटा भाऊ कुवेतला होता, त्यानंही पाठवायला सुरुवात केली. सगळी पार्सलं नांदेडच्या ऑफिसच्या पत्त्यावर, कारण लातूरला पोस्टमन हाका मारून निघून जायचा. नंतर साहेबांनी घराच्या बेलला दिवा जोडला, बटण दाबलं की बैठकीत आणि स्वयंपाकघरात लाल बल्ब लागायचा. तरी पत्ता बदलला नाही. पार्सल हातात घेऊन जाण्यात त्यांना सुख होतं, असं मला वाटतं. त्या तबकड्या ते पोळ्यांच्या चपट्या स्टीलच्या डब्यात ठेवायचे, मध्ये रुमाल घालून. डबा मांडीवर. एसटीत झोपले तरी हात डब्यावर.

एका सोमवारी ते आले ते मांडीएवढं खोकं छातीशी धरून. ज्यावर ते सिनेमे बघायचे तो घरचा कॉम्प्युटरचा डबा, मॉनिटर सोडून सगळा, लातूरहून एसटीनं आणलेला. कंडक्टरनं त्याचं अर्धं तिकीट फाडलं होतं.

"आधी बसू," ते म्हणाले. बसले. मग म्हणाले, "ताई, कुवेतच्या तबकड्या ह्याच्यात चालंनात. अमेरिकेच्या चालतात. तुम्ही कोर्स केलाय, बघा जरा."

नकाशे संगणकावर येणार म्हणून ऑफिसनं मला तीन महिन्यांचा कोर्स करायला लावला होता. तेवढ्यावर माझी ख्याती. मी त्यांचं यंत्र माझ्या मॉनिटरला जोडलं, कुवेतची तबकडी घातली. पडद्यावर सूचना आली. ही डीव्हीडी दुसऱ्या प्रदेशातली आहे, ड्राइव्हचा प्रदेश बदलू का? उरलेले बदल, तीन. त्यानंतर प्रदेश कायमचा पक्का होईल.

मी वाचून काढलं आणि त्यांना समजावलं. सिनेमा विकणाऱ्या कंपन्यांनी जगाचे तुकडे पाडलेत. अमेरिका एक नंबर, युरोप आणि आखात दोन, आपण पाच. एका तुकड्यातली तबकडी दुसरीकडं चालत नाही. कॉम्प्युटरच्या ड्राइव्हला, म्हणजे तबकडी घालतात त्या भागाला, तुकडा पाच वेळा ठरवता येतो. पहिल्यांदा दुकानदारानं पाच नंबर लावला. अमेरिकेची घातली तेव्हा साहेबांनीच न वाचता 'हो' दाबलं असणार. म्हणजे दोन गेले.

भद्रेसाहेबांनी पडद्यावरच्या आकड्यावर बोट ठेवलं.

"मोजणी कोणी केली ही?" त्यांनी विचारलं.

"कंपन्यांनीच."

"शेजारच्यांना नोटीस दिली व्हती का?"

"नाही साहेब."

"मंग ही कसली हद्द," ते म्हणाले. "आमच्या बाईनं कोणाचा काय बांध कोरला?"

कॉम्प्युटरवर टाकायचा एक फुकटचा प्लेअर मिळतो, त्यावर कुठलीही तबकडी चालते, असं कोणीतरी सांगितलं, म्हणून तोही टाकून पाहिला. त्यांच्या ड्राइव्हपुढं तो चालला नाही. शेवटी भद्रेसाहेबांनी खिशातून डायरी काढली आणि लिहून घेतलं: तीन. मंगळवारी ते यंत्र परत खोक्यात गेलं आणि शनिवारी लातूरला.

प्रमिलाबाईंनी शिक्षकी खाक्यानं वेळापत्रक आखलं. आधी घरातल्या सगळ्या अमेरिकन तबकड्या संपवायच्या, मग प्रदेश बदलायचा आणि सगळ्या कुवेतच्या बघायच्या. आवडलेली असेल ती दोनदा बघून घ्यायची, परत मिळणार नाही. त्याप्रमाणं दिवाळीच्या सुमारास दोन नंबर लागला. नंतर भाचीचा मोठा खोका आला, तेव्हा परत एक. डायरीत आता एकच बदल उरला होता.

माझं माहेर लातूरचं. त्या वेळी गेले होते तेव्हा एका रविवारी दुपारी भद्रेसाहेबांकडं चहाला गेले. बेल दाबली, आत लाल दिवा लागलेला काचेतून दिसला, प्रमिलाबाईंनी दार उघडलं. ठेंगण्या, गोऱ्या, केस आखूड कापलेले. बोलणं शुद्ध, फक्त आवाजाचा अंदाज गेलेला. कधी एकदम मोठा, कधी ऐकू न येण्याइतका. मोठा झाला की साहेब त्यांच्या कोपराला बोट लावायचे आणि त्या न थांबता खाली यायच्या.

"बसा," त्या म्हणाल्या. "अर्धाच राहिलाय, बघून घेऊ."

सिनेमा कसला होता ते नीट आठवत नाही. एक म्हातारा, त्याचं समुद्रकाठचं घर, विकायचं की नाही यावरून मुलांची भांडणं. मी सिनेमा बघतच नव्हते. मी त्या दोघांना बघत होते. साहेबांना इंग्रजी कळत नव्हतं. बाईंना ऐकू येत नव्हतं. बाई खालची अक्षरं वाचून साहेबांना मराठीत सांगायच्या, "तो म्हणतोय, आईच्या खोलीला हात लावायचा नाही." आणि मध्येच आवाजाची ओळ आली की वळून विचारायच्या, "दार आपटलं?"

साहेब ओठांनी म्हणायचे, हाव, आपटलं.

"जोरात?"

लई जोरात.

"कुत्रं?"

न्हाई, अजून न्हाई. मग थोड्या वेळानं तेच बाईंच्या हाताला स्पर्श करून सांगायचे, आता भुंकलं. अक्षरं 'संगीत' एवढंच सांगायची. कसलं संगीत ते सांगायची नाहीत. ते काम साहेबांचं. ते बाईंच्या मनगटावर दोन बोटांनी ठेका धरायचे. हळू असलं की हळू. शेवटी शेवटी फार वेळ नुसतं व्हायोलिन वाजत होतं, त्याला ठेका नव्हता. साहेबांनी बोटं मनगटावर तशीच ठेवली आणि हळूच सरकवत कोपरापर्यंत नेली. बाईंनी डोळे मिटून घेतले. मला उठून जावंसं वाटलं, पण उठता येईना.

चहा मात्र राहून गेला. निघताना बाईंच्या लक्षात आलं, त्या ओशाळल्या. रस्त्यापर्यंत सोडायला साहेब आले.

"दमायला होतं ताई," ते म्हणाले, मी काही न विचारता. "आठवडाभर लोकं वरडतात. हितं आलं की प्रत्येक आवाज ध्यान देऊन ऐकावा लागतो. पंखा, कुकर, बाहेरची गाडी. ती विचारती ना, काय वाजलं म्हणून. माझा कान आता सुट्टीवरच जात न्हाई." आणि लगेच म्हणाले, "तक्रार न्हाई करून राहिलो. सांगतोय."

पुढच्या पावसाळ्यातला एक सोमवार. दहा वाजून पाच मिनिटांनी ते माझ्या टेबलापाशी आले आणि म्हणाले, "जयभीम ताई." खणखणीत आवाज, पहिल्याच खेपेला. मी हसून म्हणाले, "अरे वा साहेब, आज आवाज वेळेवर आला."

ते बसले नाहीत. उभेच राहिले.

"घरात बोलायचं कामच पडलं न्हाई," ते म्हणाले.

मग तुटक तुटक सांगितलं. बाईंचा वाढदिवस होता. साहेबांनी नांदेडच्या दुकानातून एक इंग्रजी सिनेमा घेतला, आपल्या इथलाच, बॉक्सवर समुद्राचं चित्र होतं म्हणून. शनिवारी दिवसभर मुखेडच्या बाजूला मोजणी, तिथून थेट लातूरची गाडी, सगळा प्रवास उभ्यानं. घरी पोचल्यावर हातपाय धुऊन तबकडी घातली. पडद्यावर काहीतरी आलं. डोळे मिटत होते. 'हो' दाबलं.

"शेवटचा व्हता," ते म्हणाले. "पाच नंबर पक्का झाला. आता अमेरिका न्हाई आन् कुवेत न्हाई. आन् त्या नव्या तबकडीवर एक अक्षर न्हाई ताई, संवाद सुदिक न्हाई. नुसती माणसं तोंड उघडून राहिली."

"बाई काय म्हणाल्या?"

"आधी काही न्हाई. मंग म्हणली, कंटाळा आला असेल तर तसं सांगा, असं कशाला करता. मी सांगाया गेलो तर तिनं तोंड फिरवलं. रविवारचा अख्खा दिवस माझ्या ओठांकडं बघितलंच न्हाई." मग म्हणाले, "तुम्ही-आम्ही भांडलो तर कानावर पडतंच ना काहीतरी. तिनं बघितलं न्हाई की मी मुकाच."

मला त्या क्षणी स्वतःचाच राग आला. ड्राइव्ह ही वेगळी वस्तू असते, चार स्क्रू काढले की निघते, दुसरी बसवता येते, हे मला कोर्समध्ये शिकवलं होतं. आम्ही दोघं वर्षभर त्या पाचाच्या आकड्याला धरून बसलो होतो. मी त्यांना सांगितलं, साहेब, नवी ड्राइव्ह घ्या. दोन घ्या. एकीवर अमेरिका, एकीवर कुवेत. बदलायचा प्रश्नच नाही.

त्यांनी विश्वास बसत नसल्यासारखं बघितलं. मग मोबाईल काढून बाईंना मेसेज लिहायला बसले. एका बोटानं, अर्धा तास लागला. मी सांगितलेलं सगळं लिहिलं आणि शेवटी लिहिलं, शनिवारी आलो की आणू. उत्तर आलं नाही. मंगळवारीही नाही. बुधवारी ते अर्धापूरला मोजणीला गेले आणि त्यांनी मोजणीची साखळी चुकीच्या गटात, भलत्याच्याच शेतात टाकली. सगळ्या नोकरीत पहिल्यांदा.

पुढच्या सोमवारी ते आले, समोर उभे राहिले. ओठ हलले. आवाज नाही. मी "साहेब, आवाज" म्हटलंच नाही. त्यांनी जे सांगितलं ते मी जमेल तसं ओठांवरूनच वाचलं. अर्धं कळलं नाही, पण चेहरा कळला. अकरा वाजल्यावर परत नीट ऐकलं.

प्रमिलाबाई दोन वर्षं एकट्या बाजारपेठेत गेल्या नव्हत्या. भाजी गल्लीत, बाकीचं साहेबांसोबत. दुकानदार आधी बोलतात, मग ओरडतात, मग सोबत कोणी आहे का असं खुणेनं विचारतात, ते त्यांना सोसायचं नाही. त्या बुधवारी त्या शाळेतली एक जुनी वही घेऊन निघाल्या आणि कॉम्प्युटरच्या दुकानात गेल्या. काय हवंय ते घरूनच लिहून नेलं होतं. दुकानदारानं काहीतरी विचारलं. त्यांनी खूण केली, ऐकू येत नाही. तो ओरडला. आजूबाजूची गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. बाईंनी वहीच्या कोऱ्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, "ओरडू नका. लिहा." आणि पेन त्याच्या हातात दिलं.

त्यानं लिहिलं. बाईंनी उत्तर लिहिलं. असं दोन पानं झालं. त्याच्या शुद्धलेखनातल्या चुका त्यांनी तिथल्या तिथं दुरुस्त केल्या, असं त्यांनी मला नंतर स्वतः सांगितलं. दोन ड्राइव्ह घेऊन त्या त्याच्या मेकॅनिकलाच रिक्षात घालून घरी घेऊन आल्या.

शनिवारी साहेब घरी पोचले तेव्हा त्या खोक्याला एकाखाली एक तीन ड्राइव्ह होत्या. प्रत्येकीवर चिकटपट्टीचा तुकडा आणि त्यावर फळ्यावर लिहितात तसल्या अक्षरांत नाव. अमेरिका. कुवेत. आणि जी पाचावर अडकून बसली होती तिच्यावर 'आपली'.

"मग तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

"मी काय म्हणणार? खुर्चीत बसलो. तिनं समोर येऊन विचारलं, आवडलं का? मी म्हणलो, हाव. आन् झोपलो ताई. रविवारी दुपारपर्यंत झोपलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा असं वाटलं, की मी झोपलो तर चालंल."

त्यानंतर प्रमिलाबाई ती वही घेऊन सगळीकडं जायला लागल्या. बँकेत, दवाखान्यात, एकदा तर एकट्या नांदेडला आल्या, आमच्या ऑफिसात. शिपायापासून अधिकाऱ्यांपर्यंत सगळ्यांनी त्या वहीत लिहिलं. भद्रेसाहेब कोपऱ्यात खुर्चीवर बसून बघत होते.

गोष्ट इथं संपली असती तर बरं झालं असतं. पुढच्या उन्हाळ्यात बदलीची यादी आली. भद्रेसाहेबांचं नाव होतं. लातूर नव्हे, किनवट. नांदेडपेक्षा आणखी तेवढंच लांब, उलट्या दिशेला. मी यादी त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी बोटानं आपली ओळ शोधली, वाचली आणि सही करायला पेन मागितलं.

"अर्ज करू ना साहेब, रद्द करायला," मी म्हणाले.

"किती अर्ज लिहिले तुम्ही माझे?" ते म्हणाले. "तुमची बोटं दुखत न्हाईत?"

किनवटचं जंगल, वनजमिनीची मोजणी, चढउतार. आता एका आड एक शनिवारी यायचे. किनवटहून रेल्वेनं नांदेड, स्टेशनवरून बसस्टँड, तिथून लातूर. पार्सलं अजून माझ्याकडंच यायची, म्हणून त्या शनिवारी मी ती घेऊन बसस्टँडवर जायचे. ते फलाटाजवळच्या बाकावर बसलेले असायचे. एकदा गेले तर ताठ बसल्या बसल्या झोपलेले. लातूरची गाडी लागलेली, कंडक्टर "लातूर, लातूर" ओरडतोय, यांना पत्ता नाही. ज्या माणसाला कुकरची शिट्टी आणि गल्लीतली गाडी वेगवेगळी ऐकून घ्यावी लागायची, त्याला समोरचा कंडक्टर ऐकू येईना. मी खांद्याला हात लावला तर दचकून उठले आणि ओठांनी काहीतरी म्हणाले. मला कळलं नाही. त्यांनाही नसेल कळलं. त्या दिवशी ते मला पहिल्यांदा म्हातारे दिसले.

पार्सलं हळूहळू कमी झाली. भाचीनं कळवलं, मावशी, आता इकडं डीव्हीडी कोणी घेत नाही, सगळं फोनवर दिसतं, अक्षरांसकट. कुवेतचा भाऊ परत आला. प्रमिलाबाईंनी फोनवर बघून पाहिलं, अक्षरं बारीक, आणि दोघांना मिळून त्यात बघता येत नाही. त्या घरात असलेले सिनेमेच परत परत लावायला लागल्या. साहेबांना सगळे आवाज पाठ झाले होते. ते आधीच सांगायचे, आता कप फुटंल बघा. बाई म्हणायच्या, थांबा हो, मला वाचू द्या.

किनवटहूनच ते निवृत्त झाले. निरोपाला मी गेले होते. भाषण करा म्हटलं तर उभे राहिले, दोन मिनिटं बोलले, आणि शेवटच्या रांगेपर्यंत एक शब्द पोचला नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

ते गेले त्याला आता आठ महिने होतील. प्रमिलाबाईंचा मेसेज आला, "साहेब सकाळी झोपेत गेले. तुम्ही घाईनं निघू नका, पावसाचं आहे." मी गेले. नंतर पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमालाही गेले. बाई वही घेऊन बसल्या होत्या, भेटायला येणारे त्यात लिहीत होते. पण साहेबांना मी शेवटचं भेटले ते त्याआधी, त्या उन्हाळ्यात.

माहेरी गेले होते, रविवारी दुपारी तीनच्या सुमारास त्यांच्याकडं डोकावले. बाईंनी दार उघडलं, मला हाताला धरून आत नेलं. कूलर चालू होता. कॉम्प्युटरवर सिनेमा लागलेला, आवाज बराच मोठा. साहेब वेताच्या खुर्चीत, पाय लांब केलेले, बनियनवर. मान एका बाजूला कलली होती, तोंड जरासं उघडं. गाढ झोप. बाई आपल्या खुर्चीत बसल्या आणि जिथं सोडलं होतं तिथून पुढं सांगायला लागल्या, "ती म्हणतेय, पत्र मी जाळलं नाही, पेटीतच आहे."

मी त्यांच्यासमोर जाऊन साहेबांकडं बोट केलं. झोपलेत.

"मला माहिती आहे," त्या म्हणाल्या. "केव्हाचेच झोपलेत."

मग सांगताय कुणाला, असं मी ओठांनी विचारलं. त्यांनी खांदे उडवले. सिनेमात कोणीतरी कर्कश भांडत होतं. साहेबांची झोप मोडेल म्हणून मी आवाजाच्या बटणाकडं हात नेला, तर बाईंनी माझा हात धरला.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "तो बंद केला की त्यांना जाग येते. घाबरून उठतात, काय झालं म्हणून."

मग त्या पुढं वाकल्या, स्पीकरवर तळहात ठेवला, तो चालू आहे एवढं हाताला लागेपर्यंत थांबल्या, आणि परत खुर्चीत टेकून त्यांनी पुढची ओळ साहेबांना मराठीत सांगितली.